आमची वाटचाल: अर्धवट कंदील विकणाऱ्या दोघी जावा

आमचा धंदा एका वाक्यात सांगायचा तर आम्ही अर्धवट वस्तू विकतो. दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी घरी बसून करायचे आकाशकंदील, किल्ले, रंगवायच्या पणत्या, यांचं सामान डब्यात भरून द्यायचं. आणि खरं डोकं डब्यात काय घालायचं यात जात नाही, काय तयार करून द्यायचं नाही यात जातं. हे पहिल्यांदा ऐकलं की सगळे हसतात, आमचे सीए पण हसले होते.

सुरुवात २०१६ ची, सोसायटीच्या पार्किंगमधे. मी आणि माझी मोठी जाऊ, वहिनी म्हणते मी तिला, दोघींनी मिळून मुलांना कंदील शिकवला. वहिनीकडे माहेरी दरवर्षी घरीच कंदील व्हायचा त्यामुळे तिचा हात बसलेला, मी आपली कागद कापून देणारी. पोरं रमली आणि आया म्हणायला लागल्या की हे सगळं सामान एका पिशवीत घालून द्या ना, भाच्यांना पाठवता येईल. कारण सामान गोळा करायचं म्हणजे बांबूच्या कामट्या पुण्यातल्या बुरूड आळीतून, कागद नि दोरा रविवार पेठेतून, पणत्या कसब्यातल्या कुंभारवाड्यातून, आणि दिवाळीच्या तोंडावर पेठेत गाडी लावायला जागा मिळाली तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती. तर ती पायपीट आम्ही करायची आणि लोकांनी पैसे द्यायचे, असा सरळ हिशोब होता.

पहिल्या वर्षी सांगाडा बांधूनच दिला होता, पोरांनी फक्त कागद चिकटवायचा. विक्री चांगली झाली. पण व्हॉट्सॲपवर जे फोटो आले त्यात कंदील बघूनच कळायचं की हा बाबांनी केलाय, इतका सुबक. एका मुलीने तर सरळ सांगितलं, "काकू, मी फक्त कात्री धरायला होते." तेव्हा वहिनी म्हणाली की पोरांना जे सोपं वाटतं ते मोठे हिसकावून घेतात, मग आपण पोरांसाठी असं काम ठेवूया ज्यात मोठ्यांना धीर राहणार नाही. मला पटलं, आणि सांगाडा बांधून देणं आम्ही थांबवलं.

आता जरा कंदिलाच्या आत जाते, कंटाळा आला तर पुढचा पॅरा वाचा. आपला पारंपरिक कंदील म्हणजे सहा चौकोन. कोपऱ्याला कोपरा बांधत गेलं की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, ते वेगळे करावेच लागत नाहीत, पोरांना यात भयंकर गंमत वाटते. एका चौकोनाला चार म्हणजे एकूण २४ काड्या. अडचण अशी की आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घट्ट गाठ मारता येत नाही. यावर उपाय सापडला तो सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा, म्हणजे बारीक रबरी नळीचा. ही आयडिया आमची नाही हं, विज्ञानाची खेळणी शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता सरांनी काड्यापेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब वापरून खेळणी करायला किती वर्षांपूर्वीच दाखवलंय, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गेलेल्या पोरांना ते माहितीच असतं. ट्यूबचा तुकडा कोपऱ्यावर घातला की चौकोन तयार, मग चौकोन एकमेकांना बांधायला साधी सैल गाठ चालते. पण सरांचाच दुसरा धडा पण लगेच लागू होतो, त्रिकोण ताठ राहतो आणि चौकोन मुडपतो. नुसता सांगाडा उचलला की सगळा पिळवटून खाली बसायचा. मग क्रम बदलला. बाजूच्या चार चौकोनांना आधी टेबलावरच कागद लावायचा, ते ताठ होतात, आणि वरच्या-खालच्या मोकळ्या चौकोनात एकेक तिरकी काडी घालायची. १५ सेंटीमीटरचा चौकोन असेल तर तिरकी काडी साधारण २१ ची. वरच्या काडीला होल्डर पण लटकवता येतो. बल्ब मात्र ५ वॉटचा एलईडीच लावा असं आम्ही डब्यावर मोठ्ठं छापतो, जुन्या पिवळ्या बल्बने कागद करपतो.

भांडणाची गोष्ट म्हणजे कागद चिकटवायची खळ. लोक म्हणतात फेविकॉलची ट्यूब का देत नाही. पतंगाच्या पातळ कागदाला फेविकॉल जास्त लागला की सुरकुत्या पडतात आणि पोरं कधीही कमी लावत नाहीत. मैद्याची खळ सावकाश वाळते, कागद वाकडा बसला तर सरकवता येतो. पण शिजवलेली खळ डब्यात पाठवता येत नाही, दोन दिवसात वास मारते, म्हणून मैद्याची पुडी आणि एक चिठ्ठी देतो: दोन चमचे मैदा, एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद गॅसवर ढवळत रहा. गॅसपाशी मात्र मोठं माणूस हवं. एवढं एक काम आईबाबांसाठी मुद्दाम राखून ठेवलंय, त्यांचाही मान राहतो.

२०१८ च्या मार्चमधे राज्यात प्लास्टिक बंदीची अधिसूचना आली, थर्माकोल पण त्यात. आमच्या पिशव्या गेल्या, पुठ्ठ्याचे डबे आले, डब्यामागे खर्च वाढला आणि किटची किंमत १८० वरून २२० केली. आरडाओरड होईल वाटलं होतं, फारशी झाली नाही. ऑनलाईन पोर्टलवर विकायचं तर तेव्हा उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नंबर घ्यावाच लागायचा, तो घेतला, आणि महिन्याच्या रिटर्नच्या तारखा कॅलेंडरवर चतुर्थीच्या शेजारी आल्या.

किल्ल्याचं किट नंतर आलं. इथे सगळ्यांचा एकच आग्रह, तयार प्लास्टरचा किल्ला द्या. मी अजून दिलेला नाही आणि देणारही नाही. आम्ही देतो राजगडाचा नकाशा, मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या कशा पसरल्यात ते कळेल असा, कुंभारवाड्यातले मातीचे मावळे, गेरू, आणि अळिवाची पुडी. अळीव चार-पाच दिवस आधी पेरायचे नाहीतर वसुबारसेला किल्ला टकलाच राहतो. माती द्यायची नाही असं ठरलं होतं, ती पोरांनी खणून आणायची. पण बाविसाव्या मजल्यावरून फोन यायला लागले की ताई, आमच्याकडे माती मिळतच नाही, सोसायटी कुंड्यांना हात लावू देत नाही. शेवटी मातीची पोती पण विकायला लागलो. आयुष्यात माती विकेन असं वाटलं नव्हतं, सासरे तर अजून नातेवाईकांना हे हसत हसत सांगतात.

२०२० ला अधिक आश्विन होता, दिवाळी १४ नोव्हेंबरला. कोरोनात सगळे धंदे झोपले असताना आम्हाला तो अधिक महिना अक्षरशः देवासारखा पावला, कारण सामान मिळायलाच वेळ लागत होता. वर्कशॉप झूमवर घेतलं. बंगळूर, हैदराबादची मराठी कुटुंबं तेव्हाच जोडली गेली. ऑस्ट्रेलियातून पण विचारणा आली, पण तिकडे बी-बियाणं आणि बांबूसाठी नियम फार कडक, म्हणून त्यांच्यासाठी नुसता कागदाच्या घड्यांचा कंदील वेगळा केला.

लोकांना वाटतं दोन महिन्यांचा धंदा, मजा आहे. पैसे श्रावणातच कागदात आणि काड्यांत अडकतात ते नोव्हेंबरात सुटतात. २०२२ ला दिवाळी २४ ऑक्टोबरला आणि त्याच्या आठवडाभर आधी पुण्यात तो धो धो पाऊस, काड्यांना बुरशी धरली आणि घरात सगळीकडे पंखे लावून आम्ही काड्या वाळवत बसलो. २०२३ ला अधिक श्रावण आल्यामुळे दिवाळी १२ नोव्हेंबरला गेली, काम निवांत झालं. तेव्हापासून आमच्याकडे बजेट आधी पंचांग बघून होतं. एका शाळेने मोठी ऑर्डर दिली आणि पैसे संक्रांतीनंतर दिले, त्यामुळे आता शाळांकडून अर्धे आगाऊ. राख्या आणि नाताळच्या चांदण्या पण करतो, पण त्याने फक्त आमच्याकडे कामाला असलेल्या बायकांचे पगार निघतात.

सहा बायका आहेत आमच्याकडे, काड्या काचकागदाने घासायचं काम त्यांचं, पोरांच्या बोटात कूस जाता कामा नये. मोठ्या कंदिलाच्या कामट्या मात्र अजून बुरूड आळीतूनच येतात. तिथले काका दरवर्षी म्हणतात, "ताई, रेडीमेड आणा की, एवढं कशाला?" आणि तरी आमच्यासाठी बांबू वेगळा काढून ठेवतात.

ऑर्डर दसऱ्यापर्यंतच घेतो. शाळा सहामाही संपल्याशिवाय सोडत नाहीत आणि कंदील वसुबारसेला लागलाच पाहिजे, म्हणजे पोराच्या हातात मोजक्या दुपारी असतात, त्याआधी डबा घरी पोचायला हवा. दसऱ्यानंतर फोन केलात तर वहिनी "बघते हं" म्हणते, पण तिचं "बघते हं" म्हणजे नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.