पहाटे चारची जाग

सोमवार, रात्री

आज केईएम हॉस्पिटलला तिसरी खेप. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सगळे रिपोर्ट बरे निघाले. मला आतून वाटत होतं, थायरॉइड तरी निघू दे. थायरॉइड म्हटलं की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

डॉक्टर तरुण मुलगी आहे, माझ्या भाचीच्या वयाची. तिने सावकाश सगळं विचारलं. झोप, भूक, कामात लक्ष लागतं का, मरणाचे विचार येतात का. हे शेवटचं तिने इतक्या सरळ विचारलं की मीही सरळ सांगितलं, मरावंसं वाटत नाही, पण उठावंसंही वाटत नाही. परवा डोंबिवलीच्या बाजारात हातात फ्लॉवर धरून मी दहा मिनिटं उभी होते. घ्यायचा की नाही, एवढं ठरवता येईना. हेही सांगितलं.

"पहाटे नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येते?"

येते. चारला. गेले पाच महिने, गजर लावल्यासारखी. आणि तीच दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, संध्याकाळी जरा हलकं वाटतं. नैराश्यात असं होतं, ती म्हणाली, आणि लिहून घेतलं. एका पहाटे १४४१६ ला, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला होता तेव्हा पलीकडच्या बाईंनीही आधी झोपेचंच विचारलं होतं. अंधारात बसून मराठीत बोलता आलं, त्या दिवशी तेवढ्यानेच सकाळ झाली. त्यांनीच म्हटलं, डॉक्टरांना भेटा.

"घरात कुणाला असा त्रास होता? आई, वडील, भावंडं?"

"नाही," मी म्हटलं. विचारही केला नाही.

गोळी सुरू झाली आहे. फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. सुरुवातीला मळमळेल, पण आपल्या मनाने बंद करायची नाही.

बाहेर पडले तर परळ स्टेशन जवळ असून पाय जुन्या सवयीने करी रोडकडे वळले. भारतमाताच्या सिग्नलला थांबले होते. आणि तिथे, गाड्यांच्या गर्दीत, माझे वडील, आबा, आठवले. गॅलरीत, उकिडवे, कठड्याला पाठ लावून. पहाटे चार वाजता.

मंगळवार

आज ऑफिसला गेले नाही. लिहितेय.

आबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची. डॉ. दत्ता सामंतांच्या सभेला आबा मला एकदा खांद्यावर बसवून घेऊन गेले होते, एवढं नक्की आठवतं, कारण त्यानंतर त्यांनी मला कधी उचललं नाही. सुमारे अडीच लाख माणसं संपावर होती. आमच्या चाळीत तर घरटी एक. आईची खानावळ होती, चौदा माणसं जेवायची. दिवाळीपर्यंत तीन उरली. बाकीचे गावाला गेले, काही पैसे बुडवून, काही आईच्या पाया पडून.

संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही. तो झिजत गेला. आबांना परत घेतलं नाही. पहिलं वर्षभर ते काम शोधत होते, मग थांबले. दाढी करायचे थांबले. आंघोळीला आईला तीनदा सांगावं लागायचं. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत राहायचे, काय खायचं हे ठरवता येत नसल्यासारखे. आई लोकांकडे धुण्याभांड्याला जाऊ लागली, मी नववीपासून शिकवण्या घेतल्या, आणि हा धडधाकट माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. चाळीत म्हणायचे, कामाची सवय मोडली. धाकटा तर त्यांच्या तोंडावर म्हणाला होता, "बाकीच्यांचे बाप भाजीची गाडी लावतात." आबा काही बोलले नाहीत. मी तेव्हा धाकट्याला गप्प केलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

आणि पहाटे चारला उठून बसायचे. आम्ही सगळे म्हणायचो, गिरणीची सवय, भोंगा कानात बसलाय. आयुष्यभर आकडे जुळवायचं काम केलं आणि हा हिशेब मी कधी करून बघितला नाही. पहिली पाळी सातची. संपाआधी आबा साडेपाचला उठायचे. चारला भोंगा कधी वाजतच नव्हता.

केईएम आमच्या चाळीपासून चालत वीस मिनिटांवर. १९२६ पासून तिथेच आहे. आबांना आईने एकदा नेलंही होतं, खोकला जाईना म्हणून. क्षय असेल अशी भीती होती. एक्स-रे काढला, छाती साफ निघाली. घरी येऊन आईने देवापुढे साखर ठेवली. काही झालेलं नाही, असं ठरलं.

गुरुवार

समुपदेशनाची पहिली वेळ. सोमवारचं "नाही" चुकीचं होतं, हे मी आधी सांगितलं. रक्ताच्या जवळच्या नात्यात नैराश्य असेल तर धोका दोन-तीन पटीने वाढतो, पण म्हणजे ते होतंच असं नाही, हे त्यांनी नीट समजावलं. आबांबद्दल मात्र म्हणाल्या की समोर नसलेल्या माणसाला आजाराचं नाव देता येत नाही. बरोबरच आहे. आबांना जाऊन सोळा वर्षं झाली.

मलाही ते नाव घाईने द्यायचं नाहीये. एक गोष्ट खुपते. आबांना आजार होता असं म्हटलं की सगळं त्यांच्या डोक्यात जाऊन बसतं, आणि ज्यांनी वीस वर्षं साचे चालवणाऱ्या माणसाला एक दिवस दारातूनच परत पाठवलं ते मोकळे सुटतात. आणि आजार नव्हता म्हटलं, तर मग ते आळशी होते, हे आमचं जुनं मत खरं ठरतं. हात-पाय हलत नसलेल्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षं ऊठ म्हणत होतो. आता मला कळतं की नुसतं चादर बाजूला करायला किती जोर लागतो. मला निदान गोळी मिळाली, रजा मिळाली, नवरा न विचारता भाजी आणतो. आबांना दोन मुलं मिळाली जी त्यांच्याशी बोलत नव्हती.

रात्री आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. वाटलं होतं, तिला नव्यानेच कळेल.

"आजारीच होते की," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं?"

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? येडा म्हणाले असते चाळीत. आळशी म्हणालेलं परवडलं." बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "चार वर्षं मी दारात आडवी झोपले. ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येऊ नये म्हणून. तिसऱ्या मजल्याची गॅलरी ती."

मला ते अंथरूण लख्ख आठवतं. उंबऱ्याला लागून, पावसाळ्यात सुद्धा. आम्ही विचारलं की म्हणायची, इथे वारा लागतो. जाग आली की ती त्यांच्या मागून गॅलरीत जाऊन बसत असणार. आम्ही झोपलेलो.

शनिवार

धाकट्याला फोन केला. माझ्या गोळ्यांचं सांगितलं, मग आबांचं. तो म्हणाला, "ताई, तुला बरं नाहीये म्हणून तुला सगळं तसं दिसतंय." मी वाद घातला नाही. त्याने फोन ठेवला नाही मात्र. दोघेही तसेच धरून बसलो होतो, त्याच्याकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "भाजीच्या गाडीचं मी बोललो होतो ना?" मी हो म्हटलं. त्यालाही ते पाठ आहे, हे मला माहीत नव्हतं.

रविवार, पहाट

मळमळ कमी आहे. जाग चारलाच आली. पाणी प्यायला बाहेर आले तर आई तिच्या खोलीत नव्हती. हॉलमध्ये होती, मुख्य दाराला लागून सतरंजी टाकून, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एका कुशीवर. फ्लॅटचं दार बंद, खिडक्या बंद, डिसेंबर महिना.

मी खाली बसले. "आई, माझं तसं नाही गं. डॉक्टरांनी विचारलंय मला तेही."

ती जागीच होती. डोळे न उघडता म्हणाली, "असू दे. मला इथे वारा लागतो."