बी चिरल्यावर कळलं

त्या दिवशी रोपवाटिकेत टेम्पोतून एक मोठी कुंडी उतरली. आठ-दहा खोडांचं बेट, बांबूसारखी कांडी, आणि निम्म्या झावळ्या जळून कागदासारख्या झालेल्या.

"ताई, अरेका पाम म्हणून दिला होता. भर उन्हात ठेवा म्हणाले. खतही वाढवलं, तरी एकेक पान जातंच आहे," काकू रडवेल्या झाल्या होत्या.

अरेकाचे देठ पिवळसर, पात्या अरुंद आणि वर उचललेल्या. इथे पात्या रुंद, प्रत्येकीवर कितीतरी ठळक शिरा, आणि झावळीच्या शेंड्यावरच्या दोन पात्यांच्या कडा दातेरी. अरेका नव्हता, हे नक्की.

माझा सहकारी म्हणाला, "बांबू पाम." मलाही क्षणभर पटलं. दोन्ही बेटानेच वाढतात, दोन्ही सावलीचे. मग नावाने फरक काय पडतो? पडतो, कारण काकूंना याच्या बियांपासून रोपं करायची होती. बांबू पामची नर-मादी झाडं वेगळी असतात, एकट्या बेटाच्या बीवर भरवसा नाही.

मी पानं सोडून खाली पाहिलं. पानांचे तळ एकमेकांत गुंडाळून खोडाच्या वर गुळगुळीत हिरवी नळी झाली होती. तिच्याखाली पोवळ्यासारखा लाल फुलोरा आणि त्यावर काळी फळं. पण लालसर दांडीवरची काळी फळं बांबू पामलाही येतात, आणि त्यांचा गर हाताला खाजतो. म्हणून हातमोजे घालून एक बी धुतली आणि धारदार चाकूने मधोमध चिरली. बांबू पामची बी आतून सलग पांढरी असते. हिच्यात मात्र बाहेरून आत तपकिरी रेषा शिरल्या होत्या, थेट चिरलेल्या सुपारीसारख्या. पिनांगा! मलय भाषेत 'पिनांग' म्हणजे सुपारीच. जावा-सुमात्राच्या दाट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा पिनांगा कोरोनाटा. याच्या एकाच फुलोऱ्यावर नर आणि मादी फुलं येतात, म्हणजे एकट्या बेटाच्या बीपासूनही रोपं होऊ शकतात.

मला फार बरं वाटलं, कारण आता उपाय सरळ होता. कुंडी शेडनेटखाली, वाऱ्याच्या आडोशाला नेली. खत बंद केलं. माती ओलसर ठेवायची, पण पाणी साचू द्यायचं नाही. काकू म्हणाल्या, "बेटाचे दोन भाग करू या?" मी ठाम नाही म्हटलं. याची मुळं दुखावली की सावरायला फार वेळ घेतात, आणि हे झाड आधीच थकलेलं. पिकलेल्या बियांचा गर काढला आणि वाळू न देता त्याच दिवशी ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पेरल्या. वाळलेली बी उगवत नाही.

काही महिन्यांनी कोंब वर आले. प्रत्येकाचं पहिलं पान माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं. मूळ बेट तोवर काकूंच्या घरी परतलं होतं. त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "ताई, नवं पान गुलाबी आलंय. परत जळतंय का?"

"नाही काकू, याचं कोवळं पान तसंच येतं. उन्हात काढू नका, आपोआप हिरवं होईल."