गुंजीला दिसतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमच्या आधी गॅसवाल्यानं विचारलंय, कुरिअरच्या पोरानं विचारलंय, आणि दर दिवाळीला फराळाला येणारी माझी मावशी पिंजऱ्यात डोकावून न चुकता विचारते, "आरं, हिचं डोळं आल्यात व्हय रं?"

आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरात दोन सिरियन हॅमस्टर आहेत, म्हणजे उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी. चिरमुऱ्या सोनेरी, डोळे काळेभोर. गुंजी सायीच्या रंगाची, डोळे गुंजेसारखे लाल. पिंजरे वेगळे, खोल्याही वेगळ्या. विकणाऱ्यानं "जोडी आहे, एकत्र राहतील" म्हणून दिले आणि चौथ्या रात्री गुंजीनं चिरमुऱ्याचा कान फाडला. ही जात मोठी झाली की एकेकटीच राहते, हे मला नंतर कळलं. असो.

माझा धंदा चष्म्याचा, त्यामुळे डोळ्यांचं सगळं मला ठाऊक असणार असं लोकांना वाटतं. लाल डोळ्याचं उत्तर सोपं आहे. डोळा काळा दिसतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. गुंजीच्या डोळ्यात ते फार कमी आहे, म्हणून आत गेलेला उजेड शोषला न जाता मागच्या रक्तवाहिन्यांवर आपटून लाल होऊन परत येतो. लग्नात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत अख्ख्या वऱ्हाडाचे डोळे लाल येतात ना, तेच हे. आपलं तेवढ्या क्षणापुरतं, तिचं जन्मभराचं. काही हॅमस्टरांचे डोळे इतके गडद लाल असतात की काळेच वाटतात. बॅटरी तिरपी धरली की आटपाडीच्या डाळिंबाचा दाणा चमकावा तशी आत छटा दिसते.

हा आजार नव्हे. डोळे खरंच आले तर पापणी सुजते, चिपडं धरतात, पाणी येतं, एक डोळा मिटलेलाच राहतो. तेव्हा थेट जनावरांचा डॉक्टर गाठायचा; आपल्या घरातले ड्रॉप घालायचे नाहीत. म्हाताऱ्या हॅमस्टरची पापणी झोपेतून उठल्यावर नुसती चिकटली असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हातानं फिरवला की उघडते.

आता दिसतं का? दिसतं. भर उजेड तिला सोसत नाही आणि चिरमुऱ्यापेक्षा तिची नजर थोडी कमी. पण गंमत अशी की चिरमुऱ्याची तरी कुठं धड आहे? माझ्या दुकानातल्या तक्त्यापुढं बसवला तर वरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा त्याला लागायचं नाही. आणि नंबरचा चष्मा देऊन उपयोग नाही, कारण डोळ्याचा पडदाच तसा आहे. त्यात अंधारात कामाला येणाऱ्या दंडाकार पेशी भरपूर, बारकावा आणि रंग टिपणाऱ्या शंक्वाकार पेशी थोड्या. आपल्यात शंक्वाकार पेशी तीन प्रकारच्या, सिरियन हॅमस्टरमध्ये एकाच. म्हणजे गुलाबी चाक, निळं घर ही सगळी हौस आपली. त्याला चाक मोठं हवं, पळताना पाठ वाकू नये इतकं. रंगाशी त्याला देणंघेणं नाही.

उंचीचा अंदाज तर कच्चाच. डोळे दोन बाजूंना असल्यामुळे आजूबाजूचं बरंच दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून समोरचं अंतर नीट जोखायला जमत नाही. एकदा चिरमुऱ्याला जेवणाच्या टेबलावर ठेवून मी फोन घ्यायला वळलो. तो टेबलाची कड ओलांडून सरळ पुढं चालत गेला, जणू पुढंही टेबलच आहे. दोन दिवस लंगडत होता. चूक माझी. तेव्हापासून आमच्याकडं त्याला खेळवायचं ते जमिनीवर मांडी घालून.

हा प्राणी मुळात उघड्या, सपाट जमिनीखाली बीळ करून राहणारा. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं पाहिली असतील तुम्ही. याचं घर म्हणजे तसलंच छोटं पेव. गालाच्या पिशव्यांत दाणे भरायचे आणि आत नेऊन रचायचे. पेवात उतरलेल्याला डोळ्यांचा काय उपयोग? तिथं मिश्या आणि नाक. सिरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर वासाच्या ग्रंथी असतात, त्या घासून तो आपली वाट ओळखीची करून ठेवतो. म्हणून पिंजरा एकदम धुऊन लख्ख करू नका, थोडा जुना भुसा राहू द्या. आपण साफ करतो, त्याचा पत्ताच पुसला जातो.

वासावरूनच माणूस ओळखतो तो. माझ्या मेहुण्यानं भडंग खाऊन, हात न धुता बोट पुढं केलं आणि चावून घेतलं. वर "आंधळाय हा" म्हणाला. आंधळा कशाचा? त्याच्या नाकाला तो लसूण लावलेला शेंगदाणा होता.

आणि वरून झडप घालून उचलू नका. वरून येणारी सावली म्हणजे घार. मानेची कातडी करकचून ओढली तर बुबुळ बाहेर येऊ शकतं, इतक्या उथळ खोबणीत तो डोळा बसलेला असतो.

घराघरांतले बहुतेक सिरियन हॅमस्टर एकाच बिळातून आलेत. 1930 साली सीरियात अलेप्पोजवळ आहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला एक मादी आणि तिची 11 पिल्लं मिळाली. त्यातून जगली-वाचली त्यांचा हा सगळा गोतावळा. एवढे रंग आणि लाल डोळे पुढं पिंजऱ्यांत माणसानं जपले. इथं मात्र मी चिडतो. शेजारचा कॉलेजातला पोरगा परवा विचारत होता, "काका, रंगीत पिल्लं काढून विकू का?" त्याला एवढंच सांगितलं, की पांढऱ्यावर करड्या केसांची शिंपण असलेला जो रोन प्रकार आहे, त्यातले दोन एकत्र आणले तर काही पिल्लं डोळ्यांशिवायच जन्मतात. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग ती जगतात कशी?" जपलं तर जगतात, म्हटलं. नाक असतं ना.

रात्री अकरानंतर या कधी. आम्ही ट्यूबलाइट बंद करतो, देव्हाऱ्यातला झिरोचा लाल बल्ब तेवढा राहतो. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे गुंजीला वाटतं काळोख आहे. ती बाहेर येते, मिश्या हलवत माझा तळहात हुंगते, त्यावरचे चार चिरमुरे गालात भरते आणि निघून जाते.