दिवसाची वीज आणि गावचे गायरान

रात्रीची वीज म्हणजे काय, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शेतीपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, असा फेरा ठरलेला असे. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील जेवण उरकून, हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरे घेऊन विहिरीकडे निघत. थ्री फेज आली की स्टार्टर दाबायचा, एक सरी भरली की मातीचे दारे मोडून पाणी पुढच्या सरीत घ्यायचे, आणि मध्येच डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडाला तर बांधावर शेकोटी पेटवून वाट पाहत बसायचे. पौषातल्या थंडीत गुडघाभर गव्हात, ओल्या चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला सापाची भीती किती आणि विजेच्या धक्क्याची किती, याचा हिशेब आई रात्रभर जागून करीत असे. म्हणून शेतीला दिवसा वीज देणाऱ्या कोणत्याही योजनेकडे मी त्रयस्थपणे पाहू शकत नाही. ती मला हवीच आहे, हे आधी स्पष्ट लिहितो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचे पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि कामाला खरा वेग आला. योजनेमागचा विचार साधा आणि शहाणपणाचा आहे. गावाजवळच्या विजेच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज थेट त्याच उपकेंद्रात आणायची आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरवर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर सोडायची. त्यामुळे लांबच्या उच्चदाब वाहिन्या टाकाव्या लागत नाहीत, वाटेतील गळती कमी होते आणि ऊन असते त्याच वेळी पंप चालतात. ही वीज युनिटमागे सुमारे तीन रुपयांना मिळते, तर पारंपरिक पद्धतीने शेतापर्यंत पोहोचणाऱ्या विजेचा खर्च त्याच्या दुपटीहून अधिक होतो.

या फरकातच योजनेचे राजकारण आहे. २००४ च्या निवडणुकीपूर्वी राज्यात शेतीची वीज मोफत झाली आणि निवडणूक झाल्यावर, २००५ मध्ये ती सवलत मागे घेण्यात आली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत विजेची घोषणा झाली, आणि तीही पाच वर्षांसाठी. मोफत विजेचा बोजा सरकारी अनुदानावर पडतो आणि शेतीच्या स्वस्त दराचा काही भाग उद्योगांच्या बिलांतून वसूल होतो; त्यामुळे शेतीची वीज स्वस्तात तयार होणे ही शेतकऱ्याइतकीच सरकारची आणि कारखानदारांचीही गरज आहे. सर्वांचे हित एका ठिकाणी जुळले की प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. इथे न विचारलेला प्रश्न जमिनीचा आहे.

एका मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला चार-पाच एकर जमीन लागते. ती कुठून आणायची? खासगी शेतकऱ्याने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. कोरडवाहू माळाला इतके उत्पन्न देणारे पीक आमच्या भागात नाही, त्यामुळे हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. पण खासगी जमीन मिळवायची म्हणजे सातबारावरच्या भावाभावांच्या सह्या आणि बहिणींची संमती आली. त्यापेक्षा सरकारी जमीन सोयीची, कारण तिचा मालक एकच, भाडे नाममात्र आणि सही एका टेबलावर होते. आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान, गुरे चारायला राखलेली सामाईक जमीन.

आमच्या गावच्या गायरानात गेल्या पावसाळ्यानंतर सौर प्रकल्पासाठी मोजणीचे दगड रोवले गेले. कागदावर ती जमीन पडीक आहे. मी त्या माळावर लहानपणी शेळ्या वळल्या आहेत, म्हणून तिथे काय आहे ते मला ठाऊक आहे: पावसाळ्यानंतर कमरेइतके वाढणारे कुसळी गवत, ओढ्याकडे मारवेल गवत, तरवडाची झुडपे, दसऱ्याच्या सुमारास आपट्याच्या चार झाडांभोवती होणारी गर्दी, आणि पलीकडे बहात्तरच्या दुष्काळात गावानेच माती वाहून बांधलेला पाझर तलाव. धनगरांचे मेंढ्यांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेने येतात. हिवाळ्यात पहाटे कोल्ह्याची कुई ऐकू येते आणि क्वचित लांडग्याचे माग दिसतात. गवताळ माळ हा स्वतःचे प्राणी आणि पक्षी असलेला निसर्ग आहे. पण सरकारी नकाशांमध्ये पडीक जमिनीच्या रकान्यात गेलेल्या माळांवर पर्यावरणाच्या नावाने झाडे किंवा पॅनल लावताना कोणाचा हात थरथरत नाही.

शिवाय गायरानाला मराठवाड्यात आणखी एक इतिहास आहे. आंबेडकरी चळवळीतील नेते दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली आणि त्यातून अनेक दलित कुटुंबांनी गायरानाचे दगडगोटे वेचून शेते केली. १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ मध्ये घेतला. तरी आजही अनेकांच्या हाती पिकाच्या पावत्या आणि दंडाच्या नोटिसांशिवाय दुसरा कागद नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाच्या उपयोगासाठी परत देण्याचे आदेश दिले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावर घरे बांधलेल्या कुटुंबांना नोटिसा गेल्या तेव्हा गावोगाव रडारड झाली होती. दोन खोल्यांचे घर अतिक्रमण ठरते आणि पंचवीस-तीस वर्षांसाठी तारेचे कुंपण घातलेला प्रकल्प सार्वजनिक प्रयोजन ठरतो. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नसेलही, पण गावाच्या न्यायबुद्धीला ती टोचते. ती टोचणी खरी आहे, असे मला वाटते.

योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षांत पंधरा लाख रुपयांचे अनुदान आहे. त्यातून शाळेची खोली किंवा पाण्याची टाकी होईल, आणि ती व्हायलाही हवी. परंतु ज्यांच्या शेळ्या त्या माळावर जगत होत्या, त्यांच्या पदरात त्यातले काही पडत नाही. शेजारच्या वस्तीवरच्या मावशी सात शेळ्यांवर घर चालवतात. मोजणी झाली त्या संध्याकाळी त्यांनी मला थांबवून विचारले, "बाबा, तुझ्या बापाला दिवसा लाईट मिळंल, लई चांगलं हाय. पण माझ्या शेळ्या मी आता डांबरी रस्त्यावर चारू का?" मी विजेच्या दराचे आकडे तोंडपाठ सांगू शकतो. या प्रश्नावर मात्र मला काही बोलता आले नाही.

विरोध करून प्रकल्प थांबवावा, असे माझे म्हणणे नाही. तसे झाले तर रात्रपाळी पुन्हा आमच्याच नशिबी येईल. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज वितरण कंपनीला विकून उत्पन्न मिळवले. ज्या राज्याने साखर कारखाने, सूतगिरण्या आणि दूधसंघ सहकारातून उभे केले, तिथे सौर प्रकल्पात गावाचा हिस्सा का असू नये? गायरान गावाचे आहे तर भाडेही बाजारभावाने गावाच्या नावे जमा व्हावे, आणि त्यातला ठरावीक भाग जनावरांवर जगणाऱ्या भूमिहीन घरांसाठी राखून ठेवावा. पॅनल थोडे उंच बसवले तर खाली गवत वाढते. परदेशात अनेक प्रकल्पांत मेंढ्या चारूनच ते कापले जाते. शेळ्या उड्या मारून पॅनलवर चढतात, ही अडचण खरी आहे, पण मेंढ्यांना आत सोडायला आणि शेळ्यांसाठी गवत कापून न्यायला काय हरकत आहे?

यासाठी आधी ग्रामसभा व्हायला हवी, आणि ती मोजणीचे दगड रोवल्यानंतर नव्हे. आमच्याकडे ती झाली नाही. मी आणि गावातील आणखी काही जणांनी मिळून आता अर्ज लिहिला आहे. त्यात भाड्याची मागणी आहे, गवत कापण्याच्या हक्काची आहे, आणि पहिली मागणी मावशींच्या सांगण्यावरून घातली आहे: कुंपण घालताना पाझर तलावाकडे जाणारी जनावरांची वाट बारा फूट रुंद मोकळी ठेवावी आणि ती नकाशावर दाखवावी. अर्जावर एकशे चाळीस सह्या आणि अंगठे झाले आहेत. येत्या सोमवारी तो घेऊन आम्ही तहसीलला जाणार आहोत.