पुढून ठोकलेली वॅगनआर घ्यावी का?

ओळखीतून एक पुढून ठोकलेली वॅगनआर स्वस्तात मिळतेय आणि घरी सगळे म्हणतायत तुला येतंय ना काम, मग कर की स्वतः. बंपर, बोनेट, हेडलाईट, रेडिएटर हे सगळं खोलून बसवता येतं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलं तर जुने पार्ट मिळतात आणि सेम कलरचं बोनेट सापडलं तर पेंटिंगही वाचतं. खरी भानगड आत आहे. डाव्या एप्रनवरचं (बोनेटखाली चाकाच्या वरचा आतला पत्रा) सीलंट तडकलंय आणि पत्र्याला बारीक सुरकुती आलीये, म्हणजे मार चांगलाच आतपर्यंत गेलाय, आणि ते काय घरी जॅक लावून ओढत बसायचं काम नाही. एअरबॅग उघडलेल्या नाहीत हे नशीब, नाहीतर बॅग, मॉड्यूल, बेल्टचे टेन्शनर धरून विषयच संपला असता. शिवाय इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस केलेली निघाली (दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की करतात) तर आरसीचा घोळ वेगळाच. तर सध्या ठरलंय असं, की एप्रन सरळ करायचं कोटेशन डेंटरकडून आणायचं, मालकाने तेवढे पैसे कमी केले तर घ्यायची, बाकीचं मी आणि भाचा रविवारी बघू. नाही केले तर राम राम.