गिरगावातून चंदननगरला

गिरगावातल्या आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या ज्या शाळेत मी शिकलो, तेथेच क्रांतिकारक कन्हाईलाल दत्त यांनी प्राथमिक धडे गिरवले होते, हे मला विद्यार्थिदशेत ठाऊक नव्हते. बँकेच्या नोकरीत कोलकात्याला बदली झाल्यावर ते एका बंगाली सहकाऱ्याकडून कळले, याची आजही थोडी लाज वाटते. कन्हाईलाल यांचे वडील मुंबईत हिशेबनीस होते. पुढे कन्हाईलाल बंगालमधल्या चंदननगरला परतले, फ्रेंच गव्हर्नर दुप्ले याच्या नावाच्या विद्यालयात शिकले, आणि 1908 मध्ये अलीपूर तुरुंगात सत्येंद्रनाथ बसूंच्या साथीने माफीच्या साक्षीदाराला गोळ्या घालून 10 नोव्हेंबरला, वयाच्या विशीत, फासावर गेले.

मी हावड्याहून लोकल पकडून चंदननगरला गेलो तो रविवार होता. हुगळीकाठचे हे गाव 1757 मध्ये इंग्रजांनी जिंकले, तिथला किल्ला पाडला, तरी तहांनंतर ते फ्रेंचांकडे परतले आणि 1950 पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. भोवती सगळीकडे इंग्रजी अंमल आणि मध्ये हे एवढेसे फ्रेंच गाव, त्यामुळे क्रांतिकारकांना तेथे आसरा मिळे. 1910 मध्ये अरविंद घोष पाँडिचेरीला जाण्यापूर्वी येथेच लपून राहिले होते. अर्थात ती हद्द पाळायची की नाही हे इंग्रज आपल्या सोयीने ठरवीत, कारण 1930 मध्ये कोलकात्याचे पोलीस आयुक्त टेगार्ट यांनी येथे येऊनच चितगावच्या क्रांतिकारकांवर छापा घातला.

नदीकाठच्या स्ट्रँडवरील मंडपावर दुर्गाचरण रक्षित हे नाव फ्रेंच वळणाने कोरलेले आहे, आणि ते अक्षर अक्षर लावत वाचले तर 'दुर्गाशोरोन रोकीत' असे काहीतरी होते. मला तो फ्रेंच वारशाचा सर्वांत खरा नमुना वाटला. तेथेच बाकावर बसून जलभरा संदेश खाल्ला. आतले गुलाबपाणी थेट सदऱ्यावर उडाले. जावयाची फजिती करण्यासाठीच ही मिठाई जन्मली अशी कथा सांगतात, तिची प्रचिती मला जावई नसतानाही आली.

19 जून 1949 च्या सार्वमतात भारतात विलीन होण्याच्या विरोधात अवघी 114 मते पडली. दुप्लेच्या विद्यालयाचे नाव आता कन्हाईलाल विद्यामंदिर आहे, मात्र त्याचा एक विभाग अजूनही 'फ्रेंच सेक्शन' म्हणूनच ओळखला जातो. रविवारमुळे फाटक बंद होते. मुंबईहून आलो, कन्हाईलाल यांच्या पहिल्या शाळेतला आहे, असे पहारेकऱ्याला माझ्या मोडक्या बंगालीत सांगितले, तेव्हा त्याने फाटकाची कडी काढली आणि मला पाच मिनिटे आत उभे राहू दिले.