पिवळी चिठ्ठी लागलेलं समन्स

ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जात विचारतात, आजवर तुम्हाला कधी अटक झाली आहे का? २०२३ मध्ये मी त्या प्रश्नापाशी येऊन थांबलो.

२०१५ मध्ये पोकोनोजच्या डोंगरांतून न्यू जर्सीला परतताना पेनसिल्व्हेनियात पोलिसांनी गाडी अडवली होती. मी दारू प्यायलो होतो. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, माझं ०.०९ निघालं. कागद पोस्टाने येतील म्हणून सोडलं. पंधरा दिवसांत मी प्रोजेक्टसाठी टेक्सासला गेलो. काहीच आलं नाही, म्हणजे मिटलं, असं धरून चाललो. खरं तर मला चौकशी करायचीच नव्हती.

अर्ज भरताना अडलो, त्या रात्री बायकोला हे पहिल्यांदा सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी बघ तरी." पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टांच्या केसेस ऑनलाइन नावाने शोधता येतात. माझी सापडली: गैरहजर, वॉरंट जारी. वर्षं उलटली म्हणून वॉरंट आपोआप रद्द होत नाही.

अशी केस असेल तर कळकळीने सांगतो, फौजदारी वकिलासोबत इमिग्रेशन वकीलही पहिल्या दिवसापासून हवा. आमच्या वकीलबाईंनी बजावलं, गुन्हा कबूल करून मोकळं व्हायची घाई नको. पहिल्यांदा सापडलेल्यांसाठी तिथे शिक्षेऐवजी देखरेख आणि वर्ग असा 'एआरडी' नावाचा कार्यक्रम आहे, त्यात कबुली द्यावी लागत नाही. पण सरकारी वकील तयार हवेत, आणि त्यांच्या लेखी मी आठ वर्षं फरार!

वाट फाइलमध्येच सापडली. समन्सचा लिफाफा न उघडता परत आला होता. माझा जुना पत्ता, त्यावर पोस्टाची पिवळी चिठ्ठी. समन्स मला मिळालंच नव्हतं हे दाखवायला त्याच आठवड्याची टेक्सासची पगाराची स्लिप आम्ही जोडली.

स्वतः हजर झालो, तेव्हा वॉरंट मागे घेतलं गेलं. सरकारी वकील एआरडीला तयार झाले: बोटांचे ठसे, फी, देखरेख, साडेबारा तासांचे वर्ग. ०.१० च्या आत असल्याने लायसन्स राहिलं. 'जरासंच जास्त होतं' असं मी वर्षानुवर्षं मनाशी म्हणत आलो होतो. वर्गात बसल्यावर आठवलं ते वेगळंच: डोंगराचा उतार, आणि शेजारी माझ्या भरवशावर झोपलेला मित्र.

केस संपल्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रत घेतली आणि अर्जाला जोडली. पुढे रेकॉर्ड पुसलं गेलं तरी त्या प्रश्नाला उत्तर 'हो' असंच द्यायचं, हे वकीलबाईंनी दोनदा सांगितलं. मी 'हो'वर खूण केली आणि खाली सगळं लिहिलं.